ब्रिटनचे उत्सर्जन निम्म्याखाली कसे आले

30 सप्टेंबर 2024 रोजी ब्रिटनमध्ये दोन आगी विझल्या. नॉटिंगहॅमजवळच्या रॅटक्लिफ-ऑन-सोर इथले देशातले शेवटचे कोळशावरचे वीजकेंद्र बंद झाले, आणि त्याच दिवशी वेल्समधल्या पोर्ट टालबटला टाटा स्टीलने आपली उरलेली झोतभट्टी थंड केली. पहिल्या बातमीला टाळ्या मिळाल्या, दुसरीने हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. देशाच्या उत्सर्जनाच्या हिशेबात मात्र दोन्हींची नोंद एकाच रकान्यात होते: घट.

1990 मध्ये ब्रिटनचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन कार्बन डायऑक्साइडच्या मापात सुमारे 80 कोटी टन होते. 2024 च्या प्राथमिक आकडेवारीत ते 37 कोटी टनांवर आले आहे. एवढी घट मोठ्या औद्योगिक देशांत क्वचितच कुणाला साधली. तिचे श्रेय आज जो तो हवामान धोरणाला देतो. पण यातली बरीचशी घट हवामानाचा विचार मनात नसताना झाली, आणि ती कशी झाली हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

1882 च्या जानेवारीत लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टवर एडिसनच्या कंपनीने कोळशावर चालणारे वीजकेंद्र सुरू केले; सार्वजनिक वापरासाठी वीज देणारे ते कोळशावरचे जगातले पहिले केंद्र. देश त्याआधी शंभर वर्षे कोळशावर चालतच होता. 1913 मध्ये ब्रिटिश खाणींतून 28.7 कोटी टन कोळसा निघाला आणि अकरा लाखांच्या आसपास माणसे त्या कामावर होती. उत्पादनाचा तो आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही. त्यातला जवळजवळ एक तृतीयांश माल जहाजांतून बाहेर जाई. मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्या आणि रेल्वेची इंजिनेही विलायती कोळशावर चालली. आजच्या हिशेबाचा नियम असा की इंधन जिथे जळले, तिथल्या नावावर धूर. म्हणजे वेल्सच्या खाणीतला कोळसा परळच्या बॉयलरमध्ये गेला की तो भारताच्या खात्यात. हा नियम लक्षात ठेवावा, पुढे तो उलट्या दिशेने कामाला येतो.

उत्सर्जनाच्या आलेखात 1926 साली एक खोल खड्डा दिसतो. मे महिन्यातला सार्वत्रिक संप नऊ दिवसांत मिटला, पण खाणकामगार मागे हटले नाहीत आणि खाणी वर्षाच्या अखेरीपर्यंत बंद राहिल्या. कोळशाचे उत्पादन जवळपास निम्मे झाले. आज उत्सर्जन 1872 नंतरच्या सर्वांत खालच्या पातळीवर असल्याचे सांगतात, तेव्हा 1926 चा अपवाद करावा लागतो तो यामुळे.

मग आले 1952 चे धुके. 5 ते 9 डिसेंबर असे पाच दिवस लंडनवर कोळशाच्या धुराची चादर बसून राहिली. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात धुके आत शिरल्याने ऑपेराचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला, प्रेक्षकांना रंगमंच दिसेना. मृतांचा सुरुवातीचा अंदाज 4,000 होता. नंतरच्या अभ्यासांनी तो 12,000 पर्यंत नेला. 1956 चा स्वच्छ हवा कायदा यातूनच आला. त्याने घरांच्या शेगड्यांतला धुराचा कोळसा हद्दपार केला. काजळी गेली, कार्बन गेला नाही. कोळसा शहराबाहेरच्या मोठ्या वीजकेंद्रांत जळू लागला, उंच चिमण्यांतून धूर वर सोडला जाऊ लागला आणि 1970 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत कार्बन डायऑक्साइड वाढतच राहिला. शिखरावर तो एकटाच वर्षाला 65 कोटी टनांच्या पुढे होता.

शिखरानंतरच्या उताराची तयारी समुद्रात झाली. 1965 मध्ये उत्तर समुद्रात नैसर्गिक वायू सापडला. तोवर ब्रिटिश स्वयंपाकघरांत जळणारा गॅस कोळशापासून गावोगावी बनत असे. दोन्ही वायूंची ज्योत वेगळी, म्हणून प्रत्येक शेगडीचा बर्नर बदलणे भाग होते. 1967 पासून दहा वर्षे गॅस मंडळांची माणसे गल्लीगल्लीत फिरली. आधी नळातला जुना गॅस रस्त्यावर उभ्या केलेल्या नळकांड्यातून जाळून टाकायचा, मग घरोघर जाऊन एकेक उपकरण सुधारायचे. अशी सुमारे चार कोटी उपकरणे बदलली. शांततेच्या काळात एवढे मोठे काम त्या देशाने क्वचितच केले असेल, आणि त्याबद्दल आज फारसे कुणी बोलत नाही. हेतू एकच होता: स्वस्त, घरचे इंधन.

राजकारणही मदतीला आले, अर्थात वेगळ्याच कारणाने. खाणकामगारांच्या आंदोलनामुळे 1974 मध्ये उद्योगांना आठवड्यात तीनच दिवस वीज मिळाली आणि पंतप्रधान हीथ यांचे हुजूर पक्षाचे सरकार गेले. हुजूर पक्ष ते विसरला नाही. मार्च 1984 मध्ये 20 खाणी बंद करण्याची घोषणा झाली आणि खाणकामगार संपावर गेले तेव्हा थॅचर यांच्या सरकारने कोळशाचे साठे आधीच रचून ठेवले होते. संपकाळात तेल जाळून वीजकेंद्रे चालवली गेली. वर्षभरानंतर संघटना हरली. गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली, त्यांतली काही अजून सावरलेली नाहीत.

याच थॅचर मुळात रसायनशास्त्राच्या पदवीधर. सप्टेंबर 1988 मध्ये रॉयल सोसायटीपुढे त्यांनी तापमानवाढीचा इशारा दिला आणि 1990 मध्ये हवामान संशोधनाचे हॅडली केंद्र उघडले. पण आकडा खाली आणला तो त्यांच्या भाषणांनी नव्हे, वीज क्षेत्राच्या खासगीकरणाने. वायूवरची केंद्रे लवकर उभी राहत, भांडवल कमी लागे. वीजकेंद्रांत वायू वापरण्यावर युरोपीय निर्बंध होते, ते 1991 मध्ये उठले. कंपन्या वायूकडे धावल्या. त्याच विजेसाठी वायूतून निघणारा कार्बन कोळशाच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे 1990 च्या दशकात उत्सर्जन आपसूक उतरले. त्याच दशकात कचराभूमीवर कर बसला आणि मिथेनही कमी झाला.

जाणूनबुजून केलेली घट खऱ्या अर्थाने सुरू होते 2008 मध्ये. त्या वर्षीच्या हवामान बदल कायद्याने 2050 पर्यंत 1990 च्या तुलनेत 80 टक्के कपात बंधनकारक केली, दर पाच वर्षांचे कार्बन अंदाजपत्रक, म्हणजे उत्सर्जनाची कमाल मर्यादा, ठरवले आणि सरकारला जाब विचारणारी स्वतंत्र समिती नेमली. विरोधात मते पडली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. 2019 मध्ये लक्ष्य निव्वळ शून्यावर, म्हणजे जेवढे सोडायचे तेवढे शोषून घ्यायचे इथवर, गेले. माझ्या मते मात्र कायद्याइतकाच, किंबहुना जास्तच, परिणाम 2013 च्या एका रूक्ष कराने केला. कार्बनला किमान किंमत लावणारा हा कर पुढे टनामागे 18 पौंडांवर स्थिरावला आणि कोळशाची वीज तोट्यात गेली. 2012 मध्ये कोळशाचा वीजनिर्मितीतला वाटा 40 टक्क्यांच्या आसपास होता, 2020 मध्ये दोन टक्क्यांहून कमी. डिसेंबर 2015 मध्ये केलिंग्ली ही शेवटची खोल खाण बंद झाली. 21 एप्रिल 2017 हा 1882 नंतरचा कोळशाविना गेलेला पहिला पूर्ण दिवस. समुद्रातल्या पवनचक्क्यांनी ती जागा घेतली. काही जागा यॉर्कशरच्या ड्रॅक्स केंद्रात जळणाऱ्या, अमेरिकेहून आणलेल्या लाकडाच्या गोळ्यांनीही घेतली. वीजकेंद्रातल्या त्या धुराचा कार्बन नियमाने शून्य धरतात, आणि हा शून्य पचवायला जड जातो.

आता तो आधीचा नियम: इंधन जिथे जळले, तिथल्या नावावर धूर. ब्रिटनमध्ये वापरल्या जाणाऱ्या वस्तूंमागचा परदेशातला धूरही धरला, तर उत्सर्जन 2007 पर्यंत चढतच होते. कारखाने चीनमध्ये गेले, माल जहाजाने परत आला, धूर तिकडच्या खात्यात पडला. पोर्ट टालबटचेही तसेच. तिथला पोलाद कारखाना देशातला कार्बनचा सर्वांत मोठा एकल स्रोत होता. झोतभट्टीच्या जागी विद्युत भट्टी उभी राहीपर्यंत पुढचे काम टाटांच्या भारत आणि नेदरलँड्समधल्या कारखान्यांतून आलेल्या पोलादावर चालते. आंतरराष्ट्रीय विमाने आणि जहाजे तर एकूण आकड्यात धरलीच जात नाहीत. आणि औद्योगिक क्रांतीपासूनची बेरीज केली तर ब्रिटनने जीवाश्म इंधनांतून सोडलेला कार्बन डायऑक्साइड अजूनही भारताहून जास्त भरतो, लोकसंख्या भारताच्या विसाव्या हिश्श्याएवढी असताना.

2035 पर्यंत 1990 च्या तुलनेत 81 टक्के कपात, असे आता सरकारने जाहीर केले आहे. वीजकेंद्रांतली सोपी घट संपत आली. सर्वाधिक उत्सर्जन वाहतुकीचे आहे, आणि त्यापाठोपाठ घरे तापवणाऱ्या गॅस बॉयलरचे. चार कोटी उपकरणे बदलून उभे केलेले ते जाळे आता मोडायचे आहे. 2028 पर्यंत वर्षाला सहा लाख उष्मापंप (बाहेरची उष्णता विजेच्या मदतीने घरात आणणारी यंत्रे) बसवण्याचे लक्ष्य ठरले होते, प्रत्यक्ष विक्री त्याच्या जवळपासही पोहोचलेली नाही.