लेपांतो ताम्र-सुवर्ण निक्षेप

फिलिपिन्सच्या उत्तर लुझोन बेटावरील मांकायान परिसरात ज्वालामुखी खडकांत असलेला तांबे व सोने यांचा प्रसिद्ध निक्षेप (नैसर्गिक साठा). स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपासून येथील इगोरोत लोक तांबे काढून त्याची भांडी घडवत असत. आधुनिक खाणकाम १९३६ मध्ये स्थापन झालेल्या लेपांतो कंपनीने सुरू केले.

खाली जुने, रूपांतरित ज्वालामुखी खडक आणि त्यांच्या झिजलेल्या पृष्ठावर इम्बांगिला डेसाइट (सिलिकायुक्त ज्वालामुखी खडक) व त्याचे अग्निदलिक (ज्वालामुखीच्या राखेचे व तुकड्यांचे) थर, अशी येथील रचना आहे. वायव्येकडे जाणारा लेपांतो विभंग (खडक तुटून सरकल्याची भेग) हे सर्व छेदतो. मुख्य धातुक (धातू काढण्याजोगा खडक) याच विभंगाच्या बाजूने आणि डेसाइटच्या तळाशी पसरले आहे. आग्नेय टोकाला खोलवर ‘फार साउथईस्ट’ हा पोर्फिरी निक्षेप (शिलारसापासून थिजलेल्या खडकात व त्याभोवती विखुरलेला धातूंचा साठा) असून त्याचा शोध वेधनामुळे, म्हणजे खोल छिद्रे पाडल्यामुळे, लागला. दोन्हींचे वय सुमारे १४ लाख वर्षे भरते, म्हणून ते एकाच शिलारसाची अपत्ये मानले जातात.

खनिजांची पट्टेदार मांडणी हे या निक्षेपाचे खरे वैशिष्ट्य. शिलारसातून सुटलेली गंधकयुक्त वाफ भूजलात मिसळून तीव्र आम्ल तयार झाले. विभंगालगत या आम्लाने खडकातील जवळजवळ सर्व घटक विरघळवून नेले आणि वाळवीने पोखरलेल्या लाकडासारखी सच्छिद्र सिलिका तेवढी मागे राहिली. बाहेरच्या दिशेने खडकाशी विक्रिया होत आम्लाची धार बोथट होत गेली. त्यामुळे सिलिकेभोवती क्वार्ट्‌झ व ॲल्युनाइट (आम्लात तयार होणारे सल्फेट खनिज) यांचा, त्यापलीकडे केओलिनाइट व डिकाइट या मृद्‌-खनिजांचा आणि शेवटी हिरवट क्लोराइटचा पट्टा येतो.

तांबे आले ते या आम्लधुलाईनंतर. धातू वाहून आणणाऱ्या द्रावांना पोखरलेल्या सिलिकेत मोकळी वाट मिळाली व तेथे पायराइट (लोहाचे सल्फाइड) आणि एनार्जाइट (तांबे व आर्सेनिक यांचे सल्फाइड) साचले. टेनांटाइट व चाल्कोपायराइट ही तांब्याची सल्फाइडे आणि सोन्याची टेल्युराइडे (टेल्युरियमबरोबरची संयुगे) त्यांच्या मागून आली. लुझोनाइट हे एनार्जाइटच्याच रासायनिक संघटनाचे, पण वेगळ्या स्फटिकरचनेचे खनिज याच भागातून १८७४ मध्ये प्रथम वर्णिले गेले.

एनार्जाइट साध्या प्रकाशाला अपारदर्शक असते. अवरक्त सूक्ष्मदर्शकाखाली मात्र त्यात अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब दिसतात. या थेंबांवरून पोर्फिरीजवळ सुमारे २८५° से. असलेले तापमान दूरच्या टोकाला १६६° से.पर्यंत उतरल्याचे व खारटपणाही घटत गेल्याचे आढळले. द्रावांच्या प्रवासाची दिशा ठरवणारा याहून थेट पुरावा क्वचितच मिळतो.

पोर्फिरीतील पट्टे उभ्या दिशेने बदलतात. गाभ्यात बायोटाइट व मॅग्नेटाइट असून क्वार्ट्‌झच्या शिरांत चाल्कोपायराइट व बोर्नाइट सापडते. त्यावर नंतरच्या क्लोराइट आणि सेरिसाइट यांचा लेप चढला आहे. माथ्याकडे पायरोफिलाइट व डायास्पोर येतात आणि तेथून वर सिलिका-ॲल्युनाइटचे क्षेत्र सुरू होते. म्हणूनच पूर्वेक्षणात (खनिजांच्या शोधात) अशी सच्छिद्र सिलिका व ॲल्युनाइट आढळले, तर खाली किंवा बाजूला पोर्फिरी असण्याची शक्यता तपासतात.

एनार्जाइटमध्ये तांबे सुमारे ४८ टक्के असले तरी आर्सेनिकही १९ टक्के असते, आणि ते वितळभट्टीत मोठी अडचण निर्माण करते. १९९० च्या दशकात येथील खाणकाम जवळच्याच व्हिक्टोरिया शिरांकडे वळले. त्यांत क्वार्ट्‌झ व कार्बोनेटांसोबत सोने आणि जस्त, शिसे व तांबे यांची सल्फाइडे आहेत.