सुट्या पायांचं टेबल का डुगडुगतं

सागवानी फळ्या जोडून केलेला 2400 मिमी लांब, 1000 मिमी रुंद आणि 45 मिमी जाड टॉप साधारण 70 किलो भरतो. त्याखाली लोखंडी पाय, एकेक 20 किलोचा. हे धूड बघितलं की पहिली शंका येते ती बोल्ट एवढं वजन पेलतील का, अशी. खरं तर टेबल उभं असताना वजन बोल्टवर येतच नाही. टॉप पायांवर नुसता बसलेला असतो, बोल्ट आपले साक्षीला. टेबल उचललं की पाय लोंबकळतो, पण तेव्हाही 20 किलो चार बोल्टांत वाटून प्रत्येकाच्या वाट्याला 5 किलो येतात. एवढ्याने काही होत नाही.

बोल्टची खरी परीक्षा टेबल सरकवताना होते. पायाचं टोक फरशीच्या सांध्यात अडकलं आणि वरून कुणी 20 किलोच्या जोराने ढकललं, असं धरू. पाय 700 मिमी लांब आहे, म्हणजे ती 700 मिमीची तरफ झाली. पायाच्या डोक्यावरची प्लेट 100 मिमी चौरस असेल, तर ती एका कडेवर टेकते आणि पलीकडच्या दोन बोल्टांना वर ओढते. टेकूपासून त्या बोल्टांचं अंतर जेमतेम 85 मिमी. 20 गुणिले 700 भागिले 85, म्हणजे जवळजवळ 165 किलोची ओढ, एकेका बोल्टवर 80 च्या वर. प्लेट 200 मिमीची केली आणि ते अंतर 180 वर नेलं, की हीच ओढ 78 किलोंवर येते, दोन्ही बोल्ट मिळून. बोल्ट जाड करण्यापेक्षा प्लेट रुंद करण्यात जास्त शहाणपण आहे ते यामुळे.

डुगडुगण्याचं गणितही हेच. 100 मिमीच्या प्लेटखाली एका कडेला अर्ध्या मिमीची फट राहिली तर पायाचं टोक साडेतीन मिमी हलतं. आणि फट राहतेच, कारण पाय प्लेटच्या मध्यावर वेल्ड केलेला असतो. वेल्ड थंड होताना आकसतं, प्लेटच्या कडा पायाकडे ओढल्या जातात आणि लाकडाला टेकणारी बाजू मधोमध पोट काढते. पोलादी पट्टी तिच्यावर उभी धरून उजेडाकडे बघा, पट्टी दोन्ही बाजूंना डुलताना दिसेल. हे पोट ग्राइंडरने उतरवायचं. बोल्ट आवळून प्लेट सरळ होईल या आशेवर राहू नये, 6 मिमी जाड लोखंडापुढे लाकूडच आधी दबतं.

आता बोल्ट धरणार कशाला? पाय काढायचे-घालायचे असतील तर लाकडात थेट स्क्रू मारणं बाद. दर फेरीला स्क्रू लाकडातले आटे थोडे खरवडतो आणि काही फेऱ्यांत नुसता गरगर फिरू लागतो. टी-नट (लाकडात ठोकून बसवायचा, कडेला दाते असलेला नट) चांगला, पण तो ओढीच्या विरुद्ध बाजूने, म्हणजे टॉपच्या वरून बसवावा लागतो. खालून ठोकलेला टी-नट बोल्ट आवळताच उपटून हातात येतो. राहतो तो इन्सर्ट: आतून मशीन बोल्टचे आणि बाहेरून लाकडात रुतणारे रुंद आटे असलेली धातूची नळी. या मापाच्या टेबलाला एम 8 (8 मिमी व्यासाचा) बोल्ट आणि 25 मिमी लांबीचा स्टीलचा इन्सर्ट पुरतो. पितळी इन्सर्टची स्क्रूड्रायव्हरची खाच कठीण लाकडात अर्ध्यावरच तुटते.

भोकाचं माप छापील तक्त्यावरून घेऊ नका. इन्सर्टच्या बाहेरच्या आट्यांच्या बुडाचा व्यास व्हर्नियरने मोजा. मऊ लाकडात तेवढंच भोक, साग किंवा शिसवासारख्या लाकडात अर्धा मिमी मोठं. आधी त्याच फळीच्या तुकड्यावर करून बघा. भोक लहान पडलं तर इन्सर्टभोवती लाकूड फुगून वर येतं, तंतूंच्या दिशेने चीर जाते. मोठं पडलं तर आट्यांना पकड राहत नाही. कडेपासून 40 मिमी तरी आत असावं.

खोलीचा हिशेब नीट करायला हवा. इन्सर्ट लाकडाच्या पातळीखाली दीड मिमी बसवायचा. तो पातळीला किंवा किंचित वर राहिला, तर प्लेट लाकडाऐवजी इन्सर्टवर टेकते आणि डुगडुग परत हजर. 25 अधिक दीड, शिवाय बोल्टच्या नाकाला 4 मिमी मोकळी जागा, असं 31 मिमी खोल भोक झालं. 45 मिमीच्या टॉपमध्ये वर 14 मिमी लाकूड उरतं. गिरमिटावर चिकटपट्टीची खूण करतात, पण ती सरकते. खोली रोखणारं कडं लावावं. बोल्टची लांबीही अशीच काढायची: प्लेट 6, वॉशर 2, वरची मोकळी जागा दीड आणि इन्सर्टमध्ये पकड 20, म्हणजे साडे एकोणतीस. 30 मिमीचा बोल्ट घ्या. घरात सापडला म्हणून 45 मिमीचा लावलात, तर त्याचं नाक भोकाच्या बुडाला भिडेल. त्यानंतरचा प्रत्येक पीळ इन्सर्टला जॅकसारखा वर उचलत राहतो. इन्सर्ट उपटलेल्या टेबलांत हा दोष हमखास सापडतो.

बसवताना एम 8 च्या लांब बोल्टवर दोन नट एकमेकांवर आवळून अडकवा, त्यांच्या खाली इन्सर्ट चढवा आणि पान्ह्याने फिरवत आत न्या. बाहेरच्या आट्यांना मेण लावलं तर जोर कमी लागतो. दर दोन फेऱ्यांनी गुण्या लावून बोल्ट काटकोनात आहे का ते बघायचं. तिरपा गेलेला इन्सर्ट पुढे दर वेळी आटे खातो. भोकाच्या तोंडाला आधी हलकी उतरती कड दिलेली असली की वर आलेले तंतू प्लेटखाली अडकत नाहीत.

यानंतर लाकडाच्या स्वभावाकडे वळावं लागतं. ओल्या लाकडापासून भट्टीत पूर्ण वाळेपर्यंत साग वर्षवलयांच्या कडेने सुमारे 5.8 टक्के आकसतो, वलयांना छेदून गाभ्याकडे जाणाऱ्या दिशेत 2.5 टक्के आणि लांबीत जवळपास नाहीच. हे आकसणं लाकडातली ओल साधारण 30 टक्क्यांच्या खाली गेल्यावर सुरू होतं. दमट आणि कोरड्या हवामानात ओलीचा फरक 4 टक्के धरला, तर 1000 मिमी रुंद टॉप फळ्या कशा चिरल्या आहेत त्यानुसार 3 ते 8 मिमी रुंदीत कमीजास्त होतो. लोखंड मात्र आहे तिथेच राहतं.

कोपऱ्यातल्या सुट्या पायाला हे फारसं जाणवत नाही. प्लेटच्या 160 मिमी अंतरात हालचाल सव्वा मिमीच्या आतली, एम 8 साठी प्लेटला 10 मिमीचं भोक आणि रुंद वॉशर पुरे. पण दोन पाय जोडून केलेली, टॉपच्या रुंदीभर जाणारी चौकट असेल तर प्रकरण वेगळं. टोकाच्या बोल्टांत 600 मिमी अंतर असताना साडेचार मिमीपर्यंतचा फरक पडतो. मधला बोल्ट गोल भोकात, टोकाचे दोन्ही 9 बाय 20 मिमीच्या लांबट खाचेत. खाच लाकडाच्या रेषांना आडवी हवी. ती लांबीच्या दिशेला पाडली तर तिचा काही उपयोग नाही, आणि ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही. खाच नसली तर टॉप रेषेवर तडकतो, बहुधा जोडाशेजारी, आणि दोष मात्र सरसाला मिळतो.

बोल्ट किती आवळायचा? 100 मिमी लांब अ‍ॅलन कीवर (बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खाचेत बसणाऱ्या किल्लीवर) 5 किलोचा जोर दिला की कोरड्या एम 8 बोल्टमध्ये साधारण 300 किलोचा ताण तयार होतो. सरकवण्याच्या धक्क्यात गरज होती 80 ची. तेवढं बस्स. धक्के देत आवळणारा विजेचा इम्पॅक्ट ड्रायव्हर तर या कामाला हातातही घेऊ नये. चारही बोल्ट आधी हाताने दोन-तीन फेरे घाला, मग समोरासमोरच्या जोड्या आलटून पालटून आवळा. एकच बोल्ट पूर्ण आवळला की उरलेली भोकं जुळत नाहीत.

आवळलेला ताण लाकूड टिकू देत नाही, सतत दाबाखाली ते हळूहळू बसत जातं. म्हणून दुसऱ्या दिशी, मग आठवड्याने, पुढे ऋतू बदलला की एकदा किल्ली फिरवायची. चिरलेल्या स्प्रिंग वॉशरवर भरवसा कमीच, तो पहिल्या आवळण्यातच चपटा होतो. बशीच्या आकाराचा वॉशर थोडी तरी भरपाई करतो.

जोडणी टॉप उपडा ठेवून करायची आणि उलटवताना चौघांनी उचलून धरायचा. दोन पायांवर टेकवून कलंडवला, की आपण वर मोजलेली तरफ अर्ध्या टेबलाच्या वजनाने चालू होते. बहुतेक इन्सर्ट इथेच, टेबल वापरात येण्याआधी, सैल होतात. एखादा उपटलाच, तर भोक मोठं करून त्यात टॉपच्या रेषेशी रेषा जुळवून कठीण लाकडाची आडव्या तंतूंची डट्टी इपॉक्सीने बसवा, 24 तास थांबा आणि नव्याने भोक पाडा. पाय काढताना प्रत्येक पायावर आणि त्याच्या कोपऱ्यावर एकच आकडा कोरून ठेवा. हाताने पाडलेली भोकं एकसारखी कधीच नसतात, 2 नंबरचा पाय 3 नंबरच्या जागी बसत नाही.