वृषपर्व्याच्या ताऱ्याने मोजलेली देवयानी

सोलापुरात संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरली की होम मैदानावरच्या पाळण्यांच्या झगमगाटापुढे आकाशात चार-दोन ठळक ताऱ्यांपलीकडे काही उरत नाही. त्याच दिवसांत, चंद्र नसलेल्या रात्री आठच्या सुमारास नान्नजकडच्या माळावर उभं राहावं. वायव्येला, अर्ध्या आकाशाच्या उंचीवर, देवयानी तारकासमूहात एक पुसट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

इराणी खगोलज्ञ अल-सूफीने ९६४ च्या सुमारास त्याची नोंद 'लहानसा ढग' अशी केली. फ्रान्सचा खगोलज्ञ मेसिए याने १७६४ मध्ये अशा धूसर डागांच्या आपल्या यादीत त्याला ३१ वा क्रमांक दिला. असे डाग म्हणजे दूरच्या दुसऱ्या आकाशगंगाच असाव्यात, हा तर्क कांट या तत्त्वज्ञाने १७५५ मध्येच मांडला होता. पण अंतर मोजायचं कसं?

त्यात १८८५ मध्ये या डागात एक नवा तारा भडकला. डाग खरंच इतका लांब असेल, तर हा तारा अशक्य वाटावा इतका तेजस्वी ठरत होता. म्हणजे डाग जवळच असणार, असं अनेकांनी धरलं. तो अतिनवतारा, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड तेजाने भडकलेला तारा होता, हे कळायला अर्धं शतक जावं लागलं. २६ एप्रिल १९२० ला वॉशिंग्टनमध्ये असे डाग आपल्या आकाशगंगेतले की बाहेरचे, यावर शॅप्ली आणि कर्टिस हे खगोलज्ञ समोरासमोर आले, तरी वाद मिटला नाही.

मोजपट्टी तोवर तयार झाली होती. वृषपर्वा तारकासमूहातला एक तारा ठरावीक लयीत मंद-तेज होतो, हे १७८४ मध्ये इंग्लंडच्या जॉन गुडरिकने टिपलं. लय ५.३७ दिवसांची. हा तरुण बहिरा होता आणि २१ व्या वर्षीच गेला. हार्वर्डच्या हेन्रिएटा लेविट यांनाही ऐकू कमी येई. त्यांनी १९१२ मध्ये दाखवून दिलं, की अशा ताऱ्यांची लय जितकी संथ, तितकं त्यांचं मूळ तेज जास्त. सोलापुरी भाषेत सांगायचं तर, सुरावरून भोंगा कोणत्या मिलचा हे ओळखलं, की तो किती क्षीण ऐकू येतो त्यावरून मिल किती लांब ते सांगता येतं.

ऑक्टोबर १९२३ मध्ये माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीतून खगोलज्ञ हबलला देवयानीच्या डागात असाच एक तारा सापडला. अंतर निघालं सुमारे ९ लाख प्रकाशवर्षं. शॅप्लीच्या हिशोबातली अख्खी आकाशगंगाही एवढी मोठी नव्हती. डाग बाहेरचा ठरला, दुसरी दीर्घिका, म्हणजे दुसरी आकाशगंगाच ठरला. पुराणात असुरांचा राजा वृषपर्व्याला देवयानीपुढे नमतं घ्यावं लागलं, पोटची शर्मिष्ठा तिची दासी म्हणून द्यावी लागली. इथे त्याच्याच जातकुळीच्या ताऱ्याने तिचं माप काढलं. आपल्याकडच्या नावांतली ही गंमत पाश्चात्त्य नावांत नाही.

आकडा मात्र चुकलेला होता. दुसऱ्या महायुद्धात माउंट विल्सनजवळच्या लॉस एंजेलिसचे दिवे मालवले जात. जर्मन असल्यामुळे युद्धकामापासून दूर ठेवलेल्या खगोलज्ञ वॉल्टर बाडे यांना ती काळोखी रात्र आणि ती मोठी दुर्बीण, दोन्ही मिळालं. देवयानीच्या गाभ्यातले तारे त्यांनी प्रथमच सुटे पाहिले, आणि तारे दोन पिढ्यांचे असतात हे ओळखलं. त्याच धाग्याने १९५२ मध्ये कळलं, की लयीचे तारेही दोन प्रकारचे आहेत आणि हबलने पट्टी भलत्याच प्रकाराची लावली होती. अंतर एका फटक्यात जवळपास दुप्पट झालं. आज ते सुमारे २५ लाख प्रकाशवर्षं धरतात.