वाळवंटी भागातलं भूजल पुनर्भरण आणि पाण्याची प्रत

वाळवंटी भागातलं भूजल पुनर्भरण म्हणजे कमी पावसाच्या मुलखात जे थोडंफार पाणी पडतं त्यातलं जमिनीखालच्या साठ्यापर्यंत पोचणारं पाणी, मग ते आपोआप मुरलेलं असो की माणसानं मुद्दाम मुरवलेलं. बोलताना सगळे रिचार्जच म्हणतात. पण इथं किती मुरलं एवढं विचारून भागत नाही. कुठल्या थरात मुरलं आणि जाताना काय काय विरघळवून घेऊन गेलं हे आधी बघावं लागतं, कारण वाळवंटात जमिनीखाली पाणीच नसतं असं नाही, पुष्कळ ठिकाणी ते भरपूर असतं पण मचूळ नाहीतर थेट खारट असतं.

बडोद्याच्या मराठी माणसाला हा विषय लांबचा वाटतो, आपल्याकडे वर्षाला साधारण ९०० मिमी पाऊस, आजवा सरोवर आहे, मही नदी आहे. पण गायकवाडी राज्याचा कडी प्रांत म्हणजे आजचा मेहसाणा-पाटणकडचा भाग, आणि तिथून पश्चिमेला बनास, सरस्वती, रूपेण या नद्या समुद्रापर्यंत न जाता कच्छच्या छोट्या रणात जिरतात. त्या रणात अगरिया लोक मीठ पिकवतात ते जमिनीखालून उपसलेल्या पाण्यातून, आणि ते पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षाही खारट असतं.

कच्छात सरासरी पाऊस ३५० ते ४०० मिमी, जैसलमेरला २०० च्याही आत, आणि ऊन-वारा वर्षाला २००० मिमीच्या आसपास पाणी उडवू शकतो. त्यामुळे पडलेलं बहुतेक पाणी परत हवेत जातं आणि त्यातले क्षार मातीत राहतात. जे मुरतं ते सगळीकडे सारखं मुरत नाही, एक-दोन जोरदार पावसांत नदी-ओढ्याच्या वाळूतून, टेकड्यांच्या पायथ्याला, खोलगट जागी मुरतं. किती मुरलं ते काढायची एक रीत क्लोराईडवरून आहे, पाणी उडतं पण क्लोराईड उडत नाही. समजा पावसाच्या पाण्यात लिटरला ५ मिलिग्रॅम क्लोराईड आहे आणि विहिरीत ५००, तर पाणी शंभरपट आटून खाली पोचलंय, म्हणजे ३०० मिमी पावसातलं फक्त ३ मिमी मुरलं (खडकातच मीठ असेल तर मात्र हा हिशोब चुकतो). जैसलमेरकडच्या लाठी नावाच्या वालुकाश्मातलं (वाळूच्या खडकातलं) खोल पाणी तर हजारो वर्षांपूर्वीचं आहे, ते उपसलं की आपल्या हयातीत भरून येणार नाही.

प्रतीचा सगळ्यात वाईट प्रश्न फ्लोराईडचा. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यासाठी ते लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरी सोय नसेल तर फार तर १.५ धरलंय, क्षार ५०० आणि नाइलाजाने २०००, नायट्रेट ४५. कोरड्या भागात मातीतलं कॅल्शियम चुनखडीचे खडे होऊन बसतं, पाण्यात सोडियम आणि बायकार्बोनेट उरतं, आणि असं पाणी खडकाला जितका जास्त काळ चिकटून राहील तितकं फ्लोराईड सोडवून घेतं. उत्तर गुजरातेत बोअर खोल खोल जात गेले आणि हे जुनं, फ्लोराईडचं पाणी घरात आलं. पोरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, पुढे पाठ-गुडघे आखडतात, आणि ती हाडं परत पहिल्यासारखी होत नाहीत. पाणी उकळून फ्लोराईड जात नाही, उलट दाट होतं. आणि हातातला टीडीएस मीटर एकूण क्षारांचा अंदाज देतो, फ्लोराईड वेगळं सांगत नाही, त्यामुळे "आमचा टीडीएस कमी आहे" म्हणून निर्धास्त राहणं अजिबात बरोबर नाही.

गोडं पाणी खाऱ्यापासून वेगळं ठेवण्याचं ज्ञान या भागात जुनं आहे. कच्छच्या बन्नी गवताळ पट्ट्यात मालधारी म्हणजे गुरं पाळणारे लोक विरडा खणतात. पावसाळ्यात जिथं तळं साचतं अशी खोलगट जागा निवडायची, मुरलेलं गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्या पाण्यावर दुधावरच्या सायीसारखं तरंगत असतं, तेवढ्याच थरापर्यंत उथळ खड्डा खणायचा, वाळू ढासळू नये म्हणून आतून झाडाचे सोट आडवे रचून मध्ये गवत दाबायचं, शेजारी गुरांसाठी मातीचं टाकं करायचं. उपसत गेलं की खालचं खारं वर सरकतं, पाणी मचूळ लागायला लागलं की तो विरडा सोडून दुसरा उघडतात. राजस्थानात बेरी नावाच्या अरुंद विहिरी अशाच, तिथं वाळूखाली जिप्समचा थर असतो, तो पावसाचं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यात जाऊ देत नाही.

आताच्या रिचार्जमध्ये बांध, शेततळी, आणि पाइपने पाणी खाली सोडणारे बोअर असं सगळं येतं. पाटण जिल्ह्यातल्या भुंगरूत शेतात साचलेलं पाणी गाळून पाइपने खालच्या थरात सोडतात, आणि मग सिंचनाला तेच वर काढतात. माझ्या मते थर आधी तपासून केलेला असा एक बोअर न तपासता केलेल्या दहांपेक्षा बरा, कारण चुकीच्या खोलीला जाळीचा पाइप बसला तर गोडा आणि खारा थर एकमेकांना जोडले जातात. नुसतं भरपूर पाणी मुरवलं म्हणजे झालं असंही नाही, इंदिरा गांधी कालव्याच्या भागात, हनुमानगढकडे, कालव्याचं आणि सिंचनाचं पाणी झिरपून पातळी इतकी वर आली की शेतं दलदलीची झाली आणि मातीतलं मीठ वर फुटलं.

वर्षानुवर्षं मातीत साचलेले क्षार आणि नायट्रेट पहिल्या मुरणाऱ्या पाण्याबरोबर खाली उतरतात, त्यामुळे सुरुवातीला विहीर आणखी खारट झालेली दिसू शकते, म्हणून पावसाळ्याआधी आणि नंतर लॅबमधून फ्लोराईड, नायट्रेट दोन्ही तपासून घ्यायचं. आणि सोसायटीच्या आरओमधून वाया जाणारं पाणी रिचार्ज खड्ड्यात सोडायचं नाही, त्यात फ्लोराईड आणि क्षार दाट झालेले असतात आणि ते परत त्याच बोअरकडे जातात, त्याला वेगळी लाइन काढून द्यायची.