सेप्टिक टाकी (बेळगाव सीमाभाग)

सेप्टिक टाकी : शौचालयातून येणारे मैलापाणी झाकून ठेवणारी, त्यातला घन भाग तळाशी बसवणारी आणि प्राणवायूविना जगणाऱ्या जीवाणूंकरवी तो अंशतः कुजवणारी जमिनीखालची टाकी. बोलण्यात ‘संडासाची टाकी’. तिच्यातून बाहेर पडणारे पाणी शुद्ध नसते. उरलेले काम शोषखड्ड्याने (पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा) किंवा शोषचराने (त्याच कामाचा लांबट चर) करायचे असते. बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात भुयारी गटार न पोहोचलेल्या वसाहती आणि खेडी अशा टाक्यांवर अवलंबून आहेत.

उगम : टाकीचा जनक कोण, यावर एकमत नाही. फ्रान्समधील व्हझूल येथील झाँ-लुई मूरास यांनी इ.स. १८६० च्या सुमारास घराचे सांडपाणी एका बंदिस्त चिरेबंदी टाकीत सोडले. सुमारे बारा वर्षांनी ती उघडली, तेव्हा ती मैल्याने भरलेली सापडेल ही अपेक्षा खोटी ठरली. आत मुख्यतः द्रव आणि वर तरंगणाऱ्या मळीचा पातळ थर, म्हणजे साय, होती. पुढे आबे म्वान्यो या विज्ञानलेखक धर्मोपदेशकाच्या साहाय्याने मूरास यांनी १८८१ मध्ये एकस्व (पेटंट) घेतले. इंग्लंडमधील एक्सेटरचे नगर-सर्वेक्षक डॉनल्ड कॅमेरन यांनी १८९५ मध्ये झाकलेली टाकी एकस्वाखाली आणली. ‘सेप्टिक टाकी’ हे नाव रूढ झाले ते त्यांच्यामुळे. बांधकामाचा अग्रमान मूरास यांना द्यावा हे उघड आहे. मात्र कुजण्याची क्रिया जीवाणूंची आहे हे धरून टाकी आखणे कॅमेरन यांच्याकडे अधिक स्पष्ट दिसते. कॅमेरन यांच्या हक्कावरून अमेरिकेत दीर्घकाळ खटले चालले. १९०८ मध्ये साराटोगा स्प्रिंग्ज गावाविरुद्धच्या दाव्यात अपील न्यायालयाने मैलापाणी कुजवण्याच्या कृतीवरचा हक्क मान्य केला. १९१३ मध्ये नॉक्सव्हिलच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने ब्रिटिश एकस्वाबरोबर अमेरिकी एकस्वही संपल्याचे ठरवले. सिंधू संस्कृतीतील शोषघटांना काही लेखक टाकीचे पूर्वरूप मानतात. परंतु तेथे हेतू पाणी मुरवण्याचा दिसतो, मैला कुजवण्याचा नव्हे, म्हणून त्यांना शोषखड्ड्याचे पूर्वज म्हणणे अधिक सयुक्तिक. मुंबई इलाख्यात माटुंग्याच्या कुष्ठरोगी आश्रमात १८९७ च्या सुमारास अशा टाकीतला वायू वापरात आणला गेला होता.

रचना : भारतीय मानक २४७० (१९८५) प्रमाणे टाकीची रुंदी किमान ७५० मिमी, पाण्याची खोली किमान १ मी. आणि लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट असावी. पाच माणसांच्या घराला १.५ × ०.७५ × १ मी. पुरते, गवंड्याच्या भाषेत पाच फूट बाय अडीच फूट. पाण्याच्या पातळीवर ३०० मिमी मोकळी जागा लागते. बाहेर जाणाऱ्या पाइपचा तळ आत येणाऱ्या पाइपच्या तळापेक्षा ५० मिमी खाली हवा. क्षमता २,००० लिटरपेक्षा जास्त असल्यास टाकी दोन कप्प्यांची करतात आणि आडभिंत आगमनाकडून दोन-तृतीयांश लांबीवर घेतात. दोन्ही टोकांना बसवलेला ‘टी’ (इंग्रजी T च्या आकाराचा पाइपचा जोड) हा टाकीचा प्राण आहे. बाहेरचा ‘टी’ निखळला, की साय थेट शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा एका हंगामात तुंबतो. वायुनळीच्या तोंडाला डासांची जाळी नसेल, तर टाकी क्युलेक्स डासांचे घर होते.

जमीन : या भागात टाकी बिघडण्याचे कारण टाकीत कमी आणि जमिनीत जास्त सापडते. बेळगाव-खानापूरकडे जांभा खडक आहे. त्याच्या पोकळ्यांतून पाणी गाळले न जाताच पुढे सरकते, त्यामुळे शोषखड्डा ‘कधीच भरत नाही’ असे कौतुकाने सांगतात तेव्हा शेजारची विहीर तपासावी. पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा १८ मी. दूर असावा असे मानक सांगते. जांभ्यात ते अंतर किमान समजावे. चिऱ्यात बांधून आतून गिलावा न केलेली, तळाला काँक्रीट नसलेली टाकी ही टाकी नव्हे, झिरपखड्डा होय. निपाणी, चिकोडी, अथणीकडच्या काळ्या मातीत उलटा प्रकार: उन्हाळ्यात भेगा पडतात, पावसाळ्यात माती फुगून पाणी मुरणे जवळजवळ थांबते. म्हणून आधी मुरण-चाचणी घ्यावी. १०० ते ३०० मिमी बाजूचा चौकोनी खड्डा खणून रात्रभर भिजू द्यावा व दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिमी उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजावे. ३० मिनिटांच्या आत उतरले तर शोषखड्डा चालतो, ३० ते ६० मध्ये चर घ्यावा, ६० च्या पुढे जमिनीचा नाद सोडावा. चाचणी पावसाळ्यात घेतलेलीच खरी.

देखभाल : नवी टाकी वापरण्यापूर्वी बाहेरच्या पाइपपर्यंत पाण्याने भरतात आणि दुसऱ्या टाकीतला कुजलेला गाळ किंवा थोडे कुजलेले शेण विरजणासारखे घालतात. बाजारात मिळणाऱ्या जीवाणूंच्या पुड्यांवाचून अडत नाही. फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग पावडर यांचा मारा टाळावा. सॅनिटरी पॅड, केस, चहाचा चोथा, खरकटे तेल टाकीत जाऊ देऊ नये.

गाळ व साय मिळून पाण्याच्या निम्म्या खोलीवर गेली की उपसा करायचा. घरगुती टाकीला साधारण दोन ते तीन वर्षे. मोजण्यासाठी लांब बांबूच्या खालच्या मीटरभर भागाला पांढरा टर्किश टॉवेल गुंडाळून तो तळापर्यंत सोडतात, काही मिनिटे धरतात व सावकाश काढतात. काळा डाग जेथवर चढतो तेवढा गाळ. शौचालय सावकाश उतरू लागण्याची वाट पाहू नये, कारण तोवर शोषखड्डा बाद झालेला असतो.

उपसा फेब्रुवारी ते मे दरम्यान करावा. कणकुंबी-जांबोटीकडे पावसाळ्यात भूजल वर येते, तेव्हा रिकामी प्लास्टिकची टाकी तरंगून वर उचलली जाते, पाइप तुटतात. झाकणे आधीच उघडून किमान तासभर हवा खेळू द्यावी. जवळ विडी, काडी, दिवा नको. गाळ बांबूने ढवळून मगच सकर गाडीचा (मैला ओढून घेणाऱ्या टँकरचा) पाइप घालावा, नाहीतर पाणी निघते आणि घट्ट गाळ तळाशी राहतो. तळाला सुमारे २५ मिमी गाळ मुद्दाम ठेवतात. टाकी घासून धुणे चुकीचे. शेवटी ‘टी’ तपासून टाकी पुन्हा पाण्याने भरावी. पोर्चच्या फरशीखाली झाकण कायमचे गाडून टाकण्याची पद्धत अलीकडे फार झाली आहे. उपशाच्या दिवशी फरशी फोडताना तिचा हिशेब चुकता होतो.

धोका : टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन व कार्बन डायऑक्साइड असतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण दहा लाख भागांत शंभरच्या आसपास गेले की नाक बधिर होते, म्हणून ‘वास येत नाही’ हा सुरक्षिततेचा पुरावा नव्हे. ५०० च्या पुढे माणूस क्षणात कोसळू शकतो. त्याला वाचवायला उतरणाराही तसाच मरतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरवण्यास मनाई केली. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख व ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख रुपये ठरवली.

वाहनांतील टाक्या : कॅराव्हॅन किंवा फिरत्या शौचालयाची टाकी फक्त साठवते, कुजवत नाही. तिचा झडप-दांडा टाकी दोन-तृतीयांश भरेपर्यंत बंद ठेवतात. तो उघडा राहिला तर पाणी निघून जाते व मैल्याचा ढीग सुकून बसतो. अशा टाकीत वास दाबण्यासाठी घालतात त्या निळ्या द्रवांपैकी काहींत फॉर्माल्डिहाइड हे जंतुनाशक असते. असा मैला लहान घरगुती टाकीत ओतल्यास तिथले जीवाणू मरतात.

गाळाची विल्हेवाट : कर्नाटकात देवनहळ्ळी येथे २०१५ मध्ये गावपातळीवरचा मैलागाळ प्रक्रिया प्रकल्प सुरू झाला. ऊसपट्ट्यात गाळ थेट शेतात सोडण्याचा मोह होतो, पण जंतांची अंडी मातीत महिनोन्‌महिने तग धरतात. गाळ वाळवून, पालापाचोळ्याबरोबर रचून, ढिगाचे तापमान काही दिवस ५५ अंश सेल्सिअसवर राहू दिल्यावरच तो खत म्हणून वापरतात.