पुरासाठी घराचा विमा: अर्ज कुठे अडतो, दावा कुठे बुडतो

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांना गेलं की इशारा आणि ४३ ला धोका, हे पंचगंगेकाठचं शाळकरी पोरही सांगेल. सांगलीत आयर्विन पुलाचे ४० आणि ४५ तसेच तोंडपाठ. पण घराचा विमा आहे का, असं विचारलं की उत्तर येतं, "पीकविम्यात येत असेल की." येत नाही. पीकविमा पिकाचा, गाडीचा गाडीचा. घराचा वेगळाच काढावा लागतो.

"सरकार देतंच की" हा दुसरा समज. २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत सपाट भागातलं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार रुपये होते. पक्क्या घराची अंशतः पडझड झाली तर ६,५०० आणि कच्च्याला ४,०००, तेही पडझड किमान १५ टक्के असली तर. कधीकधी राज्य सरकार त्यात भर घालतं. तरी भिंत फुगली, फरशी उखडली, वायरिंग गेलं, तर साडेसहा हजारांत काय होतं ते तुम्हीच हिशेब करा. ही मदत आहे, भरपाई नव्हे. भरपाई हवी तर विमा.

आपल्या घराला धोका किती, हे आधी बघा. पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषा असतात: निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. यातलं "एकदा" लोकांना फसवतं. २००५ ला पूर आला, म्हणजे आता नातवाच्या काळात, असं समजून बसलेल्यांच्या दारात २०१९ ला पाणी आलं आणि २०२१ ला पुन्हा. लाल रेषेचा खरा अर्थ असा की दरवर्षी शंभरात एक शक्यता. तीस वर्षं त्या घरात राहिलात तर ती साधारण २६ टक्के होते. निळ्या रेषेवर तर ७० टक्के.

आता पॉलिसी. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, भूकंप, वादळ, दरड यांच्याबरोबर पूर त्यात मुळातच धरलेला आहे. तो वेगळा 'जोडून' घ्यावा लागतो असं कुणी सांगितलं तर पॉलिसीचा कागद मागा. घरात जो राहतो, मग तो मालक असो वा भाडेकरू, त्याला ती घेता येते.

रक्कम ठरवताना हमखास गोंधळ होतो. जागेची किंमत यात येत नाही, कारण पुरात जागा वाहून जात नाही. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, गुणिले आजचा बांधकाम खर्च, एवढंच. समजा ८०० चौरस फूट आणि दर १,८०० रुपये, तर १४ लाख ४० हजार. घराबरोबर सामानाचाही विमा घेतला तर घराच्या रकमेच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ८८ हजारांचं सामान यादी न देता धरलं जातं. ही सोय १० लाखांपर्यंतच. दागिने त्यात नाहीत, ते वेगळे नोंदवावे लागतात. नदीवरची मोटर हे घरातलं सामान नव्हे, हेही लक्षात ठेवा. घराची बांधणी आहे तशीच लिहा: माती, कौल, पत्रा, सगळं. हप्ता वाचवायला माडीचं घर कागदावर बैठं झालं, तर दाव्याच्या दिवशीही ते बैठंच राहतं.

खरी अडचण कागदाची. आधार, बँक पासबुक, फोटो सगळ्यांकडे असतात. नसतो तो घराचा धड उतारा. गावठाणातल्या घराचा सातबारा निघत नाही, पण लोक तलाठ्याकडून 'आठ अ' आणतात आणि अर्ज परत येतो. तो आठ अ शेतीच्या खात्याचा! घरासाठी लागतो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीचा उतारा. आकडा एकच असल्याने वर्षानुवर्षं माणसं दोन कार्यालयांत हेलपाटे घालताहेत, आणि "दुसरा आठ आणा" एवढं म्हणून खिडकीवाला मोकळा. तलाठ्याचं पदनाम बदलून ग्राम महसूल अधिकारी करायला वेळ मिळाला, उताऱ्याचं नाव बदलायला अजून मिळालेला नाही. ड्रोन मोजणी झालेल्या गावांत स्वामित्व योजनेची सनद, म्हणजे घराच्या मालकीचा दाखला, मिळाली असेल तर तीही जोडा.

उतारा मिळाला की नाव बघा. पन्नास टक्के घरं अजून आजोबांच्या नावावर, असं गमतीने म्हणतात, पण गंमत फार लांबची नाही. पॉलिसी मुलाच्या नावाने आणि उतारा वारलेल्या वडिलांच्या, असं असलं की दावा तिथेच अडकतो. मृत्यू दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडून ग्रामपंचायतीत वारस नोंदीचा अर्ज द्यायचा. मासिक सभेत ठराव झाला की नाव लागतं. भावाभावांत हरकत निघाली तर महिने जातात. म्हणून हे मार्चमध्ये करा. जुलैत ग्रामपंचायतीचा माणूस स्वतःच पाण्यात उभा असतो.

घरकर्ज असेल तर आणखी एक. "बँकेनं विमा काढलाय" असं म्हणणाऱ्यांनी तो कागद एकदा उघडून वाचावा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या जिवाचा निघतो. माणूस गेला तर कर्ज फिटेल, घर गेलं तर काही नाही.

पाणी चढताना हप्ता भरायला धावण्यात अर्थ नाही. विमा सुरू होण्याआधीचं नुकसान कुणी देत नाही.

पूर ओसरल्यावरची चूक मात्र साधी माणसं चांगुलपणाने करतात: आधी घर स्वच्छ करतात. चिखलाचा वास सुटलेला, लेकरं घरात, कोण थांबेल? पण नुकसान तपासायला कंपनीचा सर्वेक्षक येतो तेव्हा धुतलेली फरशी आणि रिकामी खोली दिसते. झाडू उचलण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेपाशी टेप धरून फोटो काढा. फ्रिज, टीव्ही भंगारात देण्याआधी मागच्या पाटीवरचा क्रमांक टिपा. कंपनीला लगेच कळवा, तक्रार क्रमांक लिहून घ्या. दाव्याचा अर्ज नुकसान दिसल्यापासून ३० दिवसांत द्यायचा. पंचनाम्याची प्रत मिळाल्यावर बघू म्हणत अनेकांनी हीच मुदत घालवली आहे. अर्ज आधी द्या, प्रत मागाहून जोडा. आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. 'घरात पाणी शिरले' आणि 'भिंत पडली' यांत हजारोंचा फरक आहे.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा, कंपनीकडेच तक्रार करा. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या विमा लोकपालाकडे जाता येतं. महाराष्ट्रात मुंबई, ठाणे आणि पुण्याला कार्यालयं आहेत, फी नाही, वकील लागत नाही. कंपनीच्या नकारापासून मुदत एक वर्षाची. तिथे जाताना तो तक्रार क्रमांक, टेपचा फोटो आणि तुमच्या नावाचा नमुना ८ बरोबर न्या.