हाडाच्या ऑपरेशनआधी मुलाचं फेरिटिन बघितलंय का?

वाकडा मणका सरळ करणं किंवा निसटलेला खुबा जागेवर बसवणं, अशा मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्त बऱ्यापैकी जातं, आणि मुलांच्या अंगात मुळात रक्त असतं किती? किलोमागे साधारण ७० ते ७५ मिली, म्हणजे २० किलोच्या मुलात जेमतेम दीड लिटर. त्यातलं ३०० मिली गेलं की पाचवा हिस्सा गेला. मोठा माणूस तेवढं रक्तदान करून चालत घरी जातो.

त्यात हिमोग्लोबिन नॉर्मल आलं की सगळे निवांत होतात, पण लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी साठा वापरतं आणि तो संपत आला की मग हिमोग्लोबिन घसरतं, म्हणजे रिपोर्ट चांगला आणि साठा रिकामा असं सर्रास होऊ शकतं. साठा कळतो फेरिटिनवरून, म्हणजे लोह साठवणाऱ्या प्रथिनाच्या रक्ततपासणीवरून. पाच वर्षांवरच्या मुलात ते १५ च्या (नॅनोग्रॅम प्रति मिली) खाली म्हणजे लोहाची कमतरता, पण मोठ्या ऑपरेशनआधी बरेच डॉक्टर ३० च्या खाली असलं तरी औषध सुरू करतात. फक्त ताप-इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं, म्हणून सोबत सीआरपी (अंगातली सूज-इन्फेक्शन दाखवणारी रक्ततपासणी) करतात.

खरी अडचण वेळेची आहे. तोंडाने लोह दिल्यावर हिमोग्लोबिन एक ग्रॅम वाढायला तीन-चार आठवडे लागतात आणि साठा भरायला दोन-तीन महिने, त्यामुळे ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात टेस्ट करून फार काही हाती लागत नाही (वेळच नसेल तर शिरेतून लोह देता येतं). डोस वाढवून घाई करायचीही सोय नाही, कारण एक डोस गेला की हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि आतडं पुढचे काही तास दार अर्धवट बंद करून घेतं, म्हणून दिवसातून एकदाच, शक्यतो आंबट फळाच्या रसाबरोबर, दुधाबरोबर नको. शी काळी होते, घाबरू नका. बाटली मात्र मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, जास्त लोह पोटात गेलं तर जिवावर बेततं.

बाकी खाण्याचं म्हणाल तर जखम भरायला प्रोटीन लागतं, आणि कोलेजन बनवायला व्हिटॅमिन सी आणि लोह दोन्ही. मूल गुबगुबीत आहे म्हणून खाणं बरोबर असेलच असं नाही, जाड मुलातही लोह कमी असतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना गिळायलाच त्रास होतो, वजन वाढत नाही, तिथे काही वेळा नळीने पोषण देऊन ऑपरेशन पुढे ढकलतात, आणि मला ते शंभर टक्के पटतं.

नंतर भरून काढू असं कुणी म्हणत असेल तर ऑपरेशननंतर अंगात सूज असते, तेव्हा हेप्सिडिन वाढलेलंच राहतं आणि पोटातून दिलेलं लोह नीट शोषलंच जात नाही.